एक वाटी दही

नौपाडा, ठाणे
४ नोव्हेंबर २०२५

ती. वासंतीताईस,
मधुचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला तर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज केला तर चष्मा सापडेपर्यंत तू तो विसरतेस. म्हणून हे पत्र. पाकीट घेताना पोस्टातल्या बाईंनी, हे डोंबिवलीलाच जायचं आहे ना, अशी दोनदा खात्री करून घेतली. बहिणीला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी तिकीट स्वतः चिकटवून दिलं.

बातमी अशी की मी डबा बंद केला. आठ महिने खाल्ला. सोमवारी बटाटा, मंगळवारी तोच बटाटा रश्श्यात. चित्रा गेल्यापासून ऋजुता दर रविवारी कल्याणहून भाज्या करून आणते. तिची नोकरी, तिचं घर, आणि त्यावर बापाचं जेवण. मला ते बघवत नाही. समोरच्या विमलाबाईही दोनदा वाटी घेऊन आल्या होत्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. शेजाऱ्यांच्या उपकारात कुठे राहायचं? तेव्हा एकोणसत्तराव्या वर्षी स्वयंपाक शिकायला घेतला आहे.

पहिल्या दिवशी वरण-भात लावला. डाळीत पाणी घातलं, तांदळात घातलं, फक्त कुकरच्या तळाला घालायचं राहिलं. घरभर जो वास सुटला तो अजून पडद्यांत आहे. तिसऱ्या दिवशी जमलं, पण मीठ विसरलो. चित्राची वही काढून पाहिली, तर तिच्यात नुसती जिनसांची नावं. मापाच्या जागी सगळीकडे 'अंदाजाने'. चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केलेल्या माणसानं अंदाज कुठून आणायचा?

एक गोष्ट मात्र मला येते, दही लावणं. हॉस्पिटलातून घरी आणल्यावर तिला उठवत नव्हतं, तेव्हा पलंगावरून तिनं मला ते शिकवलं. दूध कसं कोमट हवं ते करंगळी बुडवून बघायचं, एक चमचा विरजण घालायचं, झाकायचं आणि दह्याचा सट जागचा हलवायचा नाही. ती गेल्यावर तिचे दिवस चालू असतानासुद्धा मी ते मोडू दिलं नाही. लग्नात मोहन्याहून, तिच्या आईच्या घरून आलेलं विरजण आहे ते. बेचाळीस वर्षांत खंड नाही. ताई, तिच्या हातचं आता घरात एवढंच एक जिवंत राहिलं आहे. बाकी साड्या आणि फोटो.

तर चार सोपे पदार्थ मापासकट लिहून पाठव. लोभ आहेच, सोबत मिठाचं प्रमाणही असावं.

तुझा,
मधु

*

डोंबिवली (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२५

चि. मधु यास,
वासंतीताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले की सून खोलीतून धावत आली. तिला वाटलं मला उबळ आली. लहानपणी आई तुला दूध बघायला बसवायची आणि दूध उतू जाताना तू ते नुसतं बघायचास. तेव्हा तुझ्याकडून माझ्या फारशा अपेक्षा नाहीत, हे आधीच सांगून ठेवते.

पिठलं कर. बेसन पाव वाटी, पाणी एक वाटी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घे, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. एक कांदा, दोन मिरच्या, फोडणीत मोहरी, हिंग, हळद. मोहरी तडतडायची थांबेपर्यंत कांदा टाकू नकोस आणि तोंड लांब ठेव. मीठ अर्धा चमचा, चहाचा. झाकण ठेवून पाच मिनिटं. वाटी म्हणजे आमटीची वाटी. रोज वेगळी घेऊन मला दोष देऊ नकोस.

आणखी एक. दिवाळीत आले तेव्हा तुझं मोरीतलं भांड्यांचं प्रदर्शन पाहिलं. भांडं रिकामं झालं की तिथल्या तिथे विसळायचं. वाळू द्यायचं नाही, नंतर करू म्हणायचं नाही. पाककृती विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस.

विमलाबाईंना दारातून परत पाठवलंस ते मला आवडलं नाही. पण तुझा स्वभाव बदलायला मी आता फार म्हातारी झाले. चित्राची आठवण येते रे. दर संक्रांतीला गुळाची पोळी ती आधी मला पाठवायची.

जेवत जा, आणि या म्हातारीला पत्रातून तरी वाढत जा.

तुझी,
ताई

*

नौपाडा, ठाणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. वासंतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पिठलं झालं! पहिल्या खेपेला गुठळ्या, दुसऱ्या खेपेला खळ, तिसऱ्या खेपेला पिठलं. आमटीच्या वाटीत दीडशे मिलीलिटर पाणी मावतं, हे मापून भिंतीवर लिहून ठेवलं आहे. भांडी लगेच विसळतो. मोरी पाहशील तर आपण चुकीच्या घरात आलो असं तुला वाटेल.

आता एक अवघड मागणं. ७ डिसेंबरला ऋजुताचा वाढदिवस, रविवारच आहे. चित्रा दर वर्षी कुकरमध्ये रव्याचा केक करायची, वर एक काजू लावून. ऋजुतानं मला बजावलं आहे की यंदा काही करायचं नाही, ती नेहमीसारखी भाजी देऊन जाईल. तिचा नवरा अपूर्व मला बाजूला घेऊन म्हणाला की हल्ली ती आईचा विषय निघाला की उठून जाते. मला वाटतं, केक करावा. बोलण्यात मी कमी पडतो, तुला माहीत आहे. वहीत त्या पानावर रवा, साखर, दही, तूप एवढंच लिहिलं आहे आणि खाली तुझं नाव. म्हणजे ती तुझ्याकडून शिकली असणार.

सगळं क्रमानं लिही. मी अक्षर न् अक्षर पाळीन. माया असू दे, माप मात्र सोडू नकोस.

तुझा,
मधु

*

डोंबिवली (पूर्व)
२५ नोव्हेंबर २०२५

चि. मधु यास,
अनेक आशीर्वाद.

हो, माझ्याकडूनच शिकली. आणि माझ्याहून चांगला करायला लागली, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

लिहून घे. बारीक रवा दोन वाट्या, पिठीसाखर एक वाटी, दही एक वाटी, पातळ केलेलं तूप अर्धी वाटी. सगळं एकत्र फेटून अर्धा तास झाकून ठेव. रवा फुगून घट्ट होईल, मग लागेल तसं दूध. 'लागेल तसं' वाचून घाबरू नकोस, डावेतून सावकाश पडेल इतपत. शेवटी एक चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा आणि वेलची. कुकरच्या तळाला दोन वाट्या मीठ पसर, त्यावर जाळी. शिट्टी आणि रिंग काढ. पाणी घालायचं नाही. तुझा पहिल्या दिवसाचा पराक्रम इथे उपयोगी पडेल. कुकर दहा मिनिटं तापव, मग तूप लावलेल्या डब्यात मिश्रण ओतून आत ठेव. मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून कोरडी आली की झाला.

भांड्याला लागलेलं दही वाया घालवू नकोस, निपटून घे. पोरीला माझे आशीर्वाद. ती उठून गेली तर जाऊ दे, परत येईल.

केक कसा झाला ते खरं कळव, खोट्यानं माझं पोट भरत नाही.

तुझी,
ताई

*

नौपाडा, ठाणे
८ डिसेंबर २०२५

ती. वासंतीताईस,
शि. सा. न.

केक झाला. तू सांगितलंस तसाच. काजू थोडा तिरका बसला. ऋजुता दारातून आत आली, वास घेतला आणि चपला न काढता तिथेच उभी राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन ओट्याजवळ बसून रडली, आणि रडता रडता तिनं दोन तुकडे खाल्ले. आईबद्दल बोलली. तासभर बोलली. अपूर्वनं उरलेला केक संपवला. इतका चांगला दिवस मला मार्चपासून आला नव्हता.

ती मंडळी गेली आणि मी दूध कोमट करून विरजण घ्यायला फडताळ उघडलं. सट धुऊन पालथा घातलेला होता.

मी एकटा असल्यामुळे रोज एक वाटीच दही लावतो. तू एक वाटी लिहिलंस, मी एक वाटी घातलं. निपटून घे म्हणालीस, मी बोट फिरवून निपटलं. लगेच विसळायचं म्हणालीस, मी साबण लावून घासलं. थेंबसुद्धा राहिला नाही. केकमध्ये गेलं ते सोड्यात आणि आचेत गेलं.

ताई, तुला दोष देत नाही. पण बेचाळीस वर्षं तिनं जे जपलं ते मी नऊ महिन्यांत संपवलं. तिनं जाताना मला कपाटाच्या चाव्या दिल्या नाहीत, दागिन्यांचं सांगितलं नाही, फक्त दही लावायला शिकवलं. तेवढंही मला सांभाळता आलं नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीत दही मिळतं, पण ते घरात आणायची इच्छा नाही. दूध तसंच पिऊन टाकलं. आज स्वयंपाकही केलेला नाही, केक उरला असता तर तोही खाववला नसता.

रागावू नकोस. माया असू दे.

तुझा,
मधु

*

डोंबिवली (पूर्व)
१२ डिसेंबर २०२५

चि. मधु यास,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी. केकसाठी दही घेताना विरजणापुरतं बाजूला काढायचं, हे मी लिहिलंच नाही. लिहायचं असतं असं मनातही आलं नाही. साठ वर्षं हात आपोआप ते काढतो. ज्याला कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही त्याला ते कसं कळणार? आईनं तुला नुसतं दूध बघायला बसवलं, तिथेच चुकलं.

आता मी एक शपथ मोडणार आहे. चित्रा वर बसून माझ्यावर डोळे वटारील, वटारू दे.

ते विरजण बेचाळीस वर्षांचं नाही. ऋजुताच्या वेळी ती बाळंतपणाला मोहन्याला गेली, तू खाणावळीत जेवलास, आणि परत आली तेव्हा सटात बुरशी होती. मग एकदा आपण सगळे गावी लग्नाला गेलो तेव्हा गेलं. आणि एकदा तर तिनं तुझ्यासारखंच केलं. तुझ्या ऑफिसची सहा माणसं न सांगता जेवायला आली, तिनं सगळ्या दह्याची कढी केली आणि मग कपाळाला हात लावला. मला माहीत असलेल्या या तीन वेळा. एकदा मी डोंबिवलीहून डबीत घालून आणलं, दोनदा तिनं समोरच्या विमलाबाईंकडून घेतलं.

तुला सांगितलं नाही, कारण तू येईल त्या पाहुण्याला ते मोहन्याचं विरजण ऐकवायचास. तू सांगायला लागलास की ती पदर तोंडाला लावून आत यायची आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. मी एकदा म्हटलं, सांगून टाक त्याला. तर म्हणाली, त्याला माझं म्हणून एवढं कौतुक आहे, ते कशाला मोडू?

हिरव्या मिरचीचं देठ कोमट दुधात टाकलं तरी दही लागतं, पण मी तुला ते करू देणार नाही. वाटी घे आणि समोरचं दार वाजव. चित्रा जे करायची तेच कर. माझा हुकूम आहे.

रागावलास तर पत्रातून रागाव, अबोला मात्र धरू नकोस.

तुझी,
ताई

*

नौपाडा, ठाणे
२८ डिसेंबर २०२५

ती. वासंतीताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पहिला दिवस मी तुम्हा दोघींवर रागावलो. दुसऱ्या दिवशी ती पदर लावून आत जाताना डोळ्यांसमोर आली आणि मी एकटाच मोठ्यांदा हसलो. इतकी वर्षं मला वाटायचं, तिला तेव्हा लाजायला होतं.

मग दिवेलागणीला वाटी घेऊन समोर गेलो. विमलाबाईंनी दार उघडलं, वाटी पाहिली आणि तिन्हीसांजेला दही देत नाहीत, सकाळी या, असं म्हणून दार लावून घेतलं. मी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं, म्हणून हे बरोबरच झालं असं मला वाटलं. सकाळी गेलो तर चहा तयार ठेवला होता. मी विचारलं की तुमच्याकडचं विरजण मूळ कुठलं. त्या म्हणाल्या की आता ते देवालाही सांगता येणार नाही. त्यांचं बिघडलं की चित्राकडून, चित्राचं बिघडलं की त्यांच्याकडून. गेल्या वर्षी गणपतीत त्यांनी चित्राकडूनच नेलं होतं. नऊ महिने मी विरजणाला कधी येतो याची त्या वाट पाहत होत्या, हेही त्यांनी सांगितलं. मान खाली घालून चहा प्यायलो.

रिकामी वाटी परत करायची नसते एवढं मला माहीत होतं, म्हणून रव्याचा केक करून दिला. दही अर्थातच त्यांच्या विरजणाचं, चार दिवस साठवलेलं. थंडीमुळे सट पिठाच्या डब्यात ठेवतो. ऋजुतानं आता रविवारी भाजी आणायची नाही, जेवायला यायचं, असं ठरलं आहे. तीही जाताना थोडं विरजण कल्याणला घेऊन गेली.

आज सकाळी बेल वाजली. विमलाबाई वाटी घेऊन उभ्या होत्या. मुलाकडे आठ दिवस राहून आल्या, त्यांच्या दह्याला वास येत होता. त्यांनी मला विचारलं, मधुभाऊ, विरजण आहे का.

मी त्यांना आत बसवलं आणि फडताळ उघडलं. आधी एक चमचा बाजूला काढला. मग वाटी भरून दिली.

संक्रांतीला ये. गुळाची पोळी अजून येत नाही, दही-भात नक्की वाढीन.

तुझा,
मधु