बंद सायंशाळेच्या शंभर टक्के हजेरीबाबत

प्रति,
मा. तपासणी अधिकारी,
सायंशिक्षण कक्ष, मीरा-भाईंदर.

अर्जदार : शिवदास हिरू भोईर, शिपाई (इमारत राखण), बंद सायंशाळा, काशीगाव.

विषय : बंद शाळेत वीसपैकी वीस हजर कसे, याचा खुलासा व एक शिक्षक मिळणेबाबत.

संदर्भ : आपली पत्रे (१) अभिनंदनाचे, दि. ६ जानेवारी, (२) कारणे दाखवा, दि. १३ जानेवारी.

महोदय,

१. सविनय सादर की, अर्जदाराने या शाळेची घंटा सव्वीस वर्षे वाजवली. गेल्या जूनमध्ये आपले पथक पट मोजायला आले तेव्हा एकोणीस जण हजर निघाले. नियमाने वीस हवे होते. विसावा अर्जदाराचा मुलगा भूपेश. तो भाईंदरच्या एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारतो, आणि नेमके त्या दिवशी शेठने त्याला ओव्हरटाइमला थांबवून घेतले होते. शाळा बंद झाली. अर्जदाराने कुलूप लावून किल्ली आपल्या कार्यालयात जमा केली.

२. भूपेशची गणित व इंग्रजीची पुस्तके आत बाकाच्या कप्प्यात राहिली. दहावीचे तेवढेच दोन विषय उरले होते. "दसवी का कागज ला, कल से मशीन तेरी," असा शेठचा शब्द होता. किल्लीसाठी अर्जदाराने तीन अर्ज केले. शिपायाच्या अर्जाला कुत्रेही विचारत नाही हे ठाऊक होते, तरी केले. पुढे ऑगस्टमध्ये एका सकाळी फेरी मारताना कुलूप तुटलेले दिसले. इमारत अर्जदाराच्या राखणीत, म्हणून नियमाप्रमाणे फिर्याद अर्जदारानेच दिली. आत कोण गेले होते, हे त्याला घरी जेवायला बसल्यावर कळले. ताटावरून उठून तो पोलिसांकडे परत गेला, पण फिर्याद मागे घेण्याचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

३. भूपेशला जामीन मिळाला. अट अशी की, रोज संध्याकाळी सहाला हजेरी. दरम्यान वस्तीत चोऱ्या वाढल्याचा (एकूण संख्या : एक) अहवाल वर गेला, पोलीस चौकी मंजूर झाली, आणि रिकामी जागा शोधताना हीच खोली सापडली. त्यामुळे भूपेश हल्ली पूर्वीच्याच वेळेला पूर्वीच्याच बाकावर बसतो. पुस्तके मुद्देमाल म्हणून सील करून समोरच्या कपाटात ठेवली आहेत. बाकीचे हजेरीवालेही बहुतेक जुन्या पटावरचेच. शाळा सुटली, कागदावाचून काम मिळाले नाही, नाक्यावर उभे राहू लागले आणि उचलले गेले. अर्जदाराची पत्नी अनसूया म्हणते, "शालेत जायचा तवा कोनी ईचारला न्हाय. आता एक दिस चुकला तर गाडी दाराशी." ती बोलते ते खरे आहे.

४. आता मुख्य खुलासा. चौकीला रजिस्टर आले नव्हते, म्हणून हवालदार पराग यांनी मागितल्यावरून अर्जदाराने शाळेचा कोरा हजेरीपट त्यांना दिला. हवालदार बी.एड. आहेत. शिक्षकभरतीची सहा वर्षे वाट पाहून ते पोलिसांत भरती झाले. हात शिक्षकाचा, त्यामुळे रकाने नेटके भरले गेले. महिनाअखेर आली तसा अर्जदाराने तो पट बगलेत मारला आणि आपल्या आवक खिडकीवर नेऊन दिला. सव्वीस वर्षे हेच केलेले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. खिडकीनेही पट न उघडता शिक्का मारला. असे तीन महिने चालले. त्यावर आपण शाळेचे अभिनंदन केलेत, आणि आठवड्याने शाळाच नसल्याचे ध्यानात आल्यावर कारणे विचारलीत. दोन्ही पत्रे अर्जदाराने मान देऊन फाइलला लावली आहेत.

५. पट खोटा नाही. वीस माणसे रोज येतात व वेळेवर येतात, जे शाळा असताना कधी जमले नव्हते. फळा आहे, त्यावरचे फरारींचे फोटो काढून भिंतीला लावता येतील. हवालदार फावल्या वेळात त्रैराशिक घालतात, परंतु वरिष्ठांची गाडी आली की पुसावे लागते. कमी आहे तो फक्त शिक्षक.

६. घाई अशासाठी की, भूपेशच्या हजेरीची मुदत १५ फेब्रुवारीला संपते. त्यानंतर पट एकोणीस होईल आणि आपला मूळ आदेश पुन्हा बरोबर ठरेल. मुदत संपलेल्याला चौकीत बसवून घेता येत नाही, असे हवालदारांनी वाईट वाटून सांगितले. परवा जेवताना भूपेशने विचारले, "बाबा, अजून एक कुलूप तोडला तर हजेरी वाढवून मिळंल काय?" हा प्रश्न शिपायाच्या अधिकारात येत नाही. तरी त्याचे उत्तर आपल्या कार्यालयाकडून १५ फेब्रुवारीपूर्वी लेखी मिळावे, ही विनंती.

आपला नम्र, व घंटा अजून सांभाळून असलेला,

(सही)
शिवदास हिरू भोईर
काशीगाव, दि. २७ जानेवारी २०२५

सोबत :
१. हजेरीपट, तीन महिन्यांचा, आपल्या शिक्क्यासह.
२. किल्ली जमा केल्याची पावती.
३. किल्लीसाठी केलेल्या तीन अर्जांच्या प्रती.
४. मुद्देमालाची यादी : गणित भाग १, गणित भाग २, इंग्रजी, कंपासपेटी.