खटक्यावरची बांगडी

बालाघाट,
रविवार, दि. ९ सप्टेंबर १९७३

प्रिय माणिक,

तुझे तीन तारखेचे पत्र गुरुवारी हाती आले. तीनदा वाचले. पहिल्या वाचनात संताप आला, दुसऱ्यात तो वाढला आणि तिसऱ्यानंतर उत्तर लिहायला बसलो तो तसाच उठलो. म्हणून हा विलंब. तू लिहितेस की स्वयंपाकघराच्या भिंतीतला ओव्हन उखडून ते भगदाड विटांनी बुजवून टाकावे, मैनाबाई गेली ते एका परीने बरेच झाले असे समजून दुसरी बाई शोधू नये, घराला कुलूप घालून मी दिवाळीपूर्वी नागपूरला यावे आणि तुझे बाळंतपण माहेरी न होता तिकडेच व्हावे. अर्ध्या पानात चार निर्णय. तुझ्या आईला दिवाणखान्याचा एक पडदा बदलायला महिना लागत असे.

ओव्हनपासून आरंभ करतो, कारण तू त्याला ‘तो राक्षस’ म्हटले आहेस आणि हे विधान मला मुळीच मान्य नाही. एखादे यंत्र बारा वर्षे बिनतक्रार चालते आणि एका रविवारी त्यातून धूर निघतो, तेव्हा दोष यंत्राचा की ते हाताळणाऱ्याचा, एवढा विवेक पदवीधर मुलीने करायला हवा होता. मी वीजमिस्त्री टिकारामला बोलावून सर्व तपासून घेतले. त्याने मागची जाळी काढली, तारा पाहिल्या, जमिनीत गाडलेली तांब्याची पट्टी उकरून पाहिली, नवा फ्यूज घातला आणि बिडी विझवत म्हणाला, “मशीन एकदम ठीक है साहब. खराबी तो बाहर है.” दारावरची काच तडकली आहे, ती जबलपूरहून मागवावी लागेल. त्याचे हे ‘बाहर है’ मला त्या वेळी उद्धटपणाचे वाटले होते.

तो ओव्हन घरात कसा आला हे तुला अंधुक आठवत असेल. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस. मँगनीजच्या खाणीवरचे एक इंग्रज मॅनेजर मायदेशी परतताना बंगल्यातले सामान विकत होते. मी पुस्तकांचे कपाट आणायला गेलो आणि कालिंदीने, म्हणजे तुझ्या आईने, तिथे ती पांढरी, जड, भिंतीत बसवायची पेटी पाहिली. कपाट राहिले, पेटी आली. महागू गवंड्याने भिंत फोडली. पेटीच्या मागे आणि बाजूंना हवेसाठी चार बोटे जागा सोडायची होती, आणि महागूला ती मोकळी जागा पाहवत नव्हती. “उंदीर बसन ना बाई तिथं,” असे म्हणून तो दर थोड्या वेळाने तिथे विटेचा तुकडा कोंबायचा आणि तुझी आई तो काढायची. दिवसभर हे चालले. संध्याकाळी तिने उंदरांसाठी जाळी आणि महागूसाठी चहा, दोन्ही आणवले, तेव्हा तंटा मिटला. ती जागा आजही तशीच मोकळी आहे. ती बुजवली असती तर आतली उष्णता कोंडून तारांचे आवरण केव्हाच जळले असते. तू ज्याला राक्षस म्हणतेस त्याच्याशी नीट वागायचे कसे, हे त्या बाईला पहिल्या दिवशी कळले होते.

मला ते कळायला एक पुठ्ठा लागला. मी इंग्रजी माहितीपत्रकावरून नऊ नियम शुद्ध मराठीत उतरवून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगले. ओल्या हाताने वा अनवाणी पायाने खटक्यास स्पर्श करू नये, लाकडी पाटावर उभे राहावे. दार उघडताना समोर वाकू नये, बाजूस उभे राहून प्रथम वाफ जाऊ द्यावी. आतले भांडे धरण्यास कोरडे जाड फडके घ्यावे, कारण ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो. तापलेल्या काचेवर पाणी पडू देऊ नये. वीज गेल्यास खटका त्वरित खाली करावा, नाहीतर ती आपल्या गैरहजेरीत परत येते. पुसणे ते पूर्ण निवल्यावर, खटका बंद असताना, पिळलेल्या फडक्याने. असे पुढेही. कालिंदीने पुठ्ठा पूर्ण वाचला आणि विचारले, “हे कोणासाठी? मला पाठ आहे, तुम्ही स्वयंपाकघरात येत नाही आणि मैनाबाईला अक्षर येत नाही. भट्टीला वाचून दाखवणार आहात का?” त्या दोघी त्याला भट्टीच म्हणत.

पुठ्ठा मी काढला नाही. तिने मात्र त्याशेजारी आपला एकच नियम टांगला, आणि तो मैनाबाईलाही वाचता येत असे. आपल्याकडचा पावसाळा तुला ठाऊक आहे. काड्यापेटी ओलावते, मिठाचे पाणी होते, पापडांना बुरशी येते. साऱ्या घरात कोरडी जागा एकच, ती भट्टीची पोकळी. तेव्हा भट्टी लावायची नसेल त्या दिवशी त्या दोघी तीत काही ना काही ठेवीत. ठेवले की भिंतीवरच्या लोखंडी खटक्याच्या दांडीत एक हिरवी बांगडी अडकवायची. बांगडी आहे म्हणजे आत काही आहे. ती काढल्यावाचून खटका वर करता येत नसे, आणि जो आतले सामान काढील त्यानेच बांगडी काढायची. बारा वर्षांत एक पापड करपला नाही. ती बांगडी तुझ्या लग्नात तिने भरलेल्या चुड्यातली होती. त्याआधीची एकदा खाली पडून फुटली होती.

आता त्या रविवारविषयी. मी वीस ऑगस्टच्या पत्रात जे लिहिले ते थोडक्यात असे होते: पावसाळ्यात आठवड्यातून एकदा रिकामी भट्टी पंधरा मिनिटे तापवून आतली ओल घालवायची, या तुझ्या आईच्या रिवाजाप्रमाणे मी सकाळी खटका वर केला; खटक्यावर बांगडी नव्हती; आत मैनाबाईने कापडात बांधून ठेवलेल्या कुरडया होत्या; त्या जळाल्या. त्या कुरडया तुझ्या आईने गेल्या वर्षीच्या वैशाखात, आषाढात ती जाण्याच्या दोन महिने आधी, गच्चीवर बसून घातलेल्या होत्या. तिच्या हातचे घरात उरलेले शेवटचे काही. मैनाबाईने त्या वर्षभर डब्यातून भट्टीत आणि भट्टीतून डब्यात करीत जपल्या होत्या. मला त्यातली एकही तळून दिली नाही. मागितली तर म्हणे, “ह्या माणिकताईच्या हायेत. डोहाळे लागले का मागनच ते.” तुझे पत्र आले, त्याखाली आमच्या जावयांनी, मुकुंदरावांनी, आनंदाची बातमी कळवली, तेव्हा तिने तो डबा खाली काढून माझ्यासमोर ठेवला आणि पदराला डोळे पुसले. मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचतच राहिलो.

त्या पत्रात मी काही गोष्टी लिहिल्या नाहीत. धुराचा वास आला तेव्हा मैनाबाई अंगणातून धावत आली, पाटावर चढली आणि तिने खटका खाली ओढला. मग म्हणाली, “दार नोका उघडू साहेब. बाईनं सांगतलं होतं, आत जाळ असन तं दार बंदच ठेवाचं. हवा नाई भेटली का आपसूक विझते.” नऊ नियम शुद्ध मराठीत लिहिणाऱ्या माणसाने हे ऐकले आणि दार उघडले. आत कापड पेटलेले होते; हवा मिळताच जाळ बाहेर आला. माझी उजवी भुवई गेली. मैनाबाईने मला खांद्याने बाजूला लोटले, पायाखालचा पाट उचलून त्याने दार दाबून धरले आणि भट्टी थंड होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. काच मी तडकवली, तिने नव्हे. घाबरून मी तांब्याभर पाणी ओतले होते.

आणि त्यानंतर, भुवईला तूप लावून, मी तिची चौकशी केली. कचेरीत तीस वर्षे केली तशी. बांगडी का लावली नव्हती? ती म्हणाली, लावलती. मी म्हणालो, खटका वर करताना ती मला दिसली नाही. ती म्हणाली, “शुक्रवारी कुरडया ठेवल्या तवाच लावलती, माह्या हातानं. बाई असत्या तं त्यायनं इचारलंबी नसतं.” मी म्हणालो, बाई नाहीत म्हणूनच विचारावे लागते. हे वाक्य मला त्या वेळी समर्पक वाटले. तिने पाट जागेवर ठेवला. मग म्हणाली, “मी काहून खोटं बोलू साहेब? त्या कुरडया का माह्या दुश्मनाच्या होत्या?” मी म्हणालो की खोटे बोलण्याचे कारण आरोपीलाच ठाऊक असते. दुसऱ्या दिवशी तिने भांडी घासली, ओटा पुसला, किल्ली देवाजवळ ठेवली आणि परसवाड्याकडे भाऊ डोमाजी राहतो त्या खेड्याला निघून गेली. तेरा वर्षे या घरात काढलेली बाई. मी तिला थांब म्हटले नाही. तुला पत्र लिहीत होतो.

तेव्हापासून तीन आठवडे मी स्वतः स्वयंपाक करीत आहे. भाताला पाणी किती हे कोणीही एकसारखे सांगत नाही. शेजारच्या शांताबाई वाटीभर भाजी धाडतात आणि वाटी परत न्यायला स्वतः येतात, येताना स्वयंपाकघरात डोकावतात आणि जाताना “मैना असती तं” एवढे म्हणून वाक्य अर्धेच सोडून जातात. अर्धे वाक्य ही मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट आहे. तूही तुझ्या पत्रात ‘आई असती तर’ असे लिहून पुढे टिंबे दिली आहेत. टिंबांना उत्तर देता येत नाही, माणिक. तरी देतो. आई असती तर तिने खटका वर करण्याआधी दार उघडून आत पाहिले असते, बांगडी असो वा नसो. तो माझ्या पुठ्ठ्यावरचा नियम क्रमांक सात आहे. पुठ्ठा त्या रविवारी माझ्या नाकासमोर होता.

काल वाचनालयाच्या वार्षिक सभेला जायचे म्हणून बंद गळ्याचा कोट काढला. तो मी यापूर्वी अठरा ऑगस्टला, त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी घातला होता. शांताबाईंच्या नातवाच्या बारशाला. खिशात रुमाल शोधताना हाताला बांगडी लागली. मी कोट हातात घेऊन पलंगावर बसलो आणि मग सगळे क्रमाने आठवले. बारशाहून परतलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. खटक्यावर बांगडी होती. तिच्यावर फोडणीच्या धुराचा चिकट थर बसला होता. कालिंदी असा बसू देत नसे. म्हणून ती काढली, बोटाने पुसली, आणि पुसून झाल्यावरही हातातच ठेवली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग वीज गेली. कंदील शोधायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून ती खिशात टाकली. वीज आली तेव्हा कोट खुंटीवर होता आणि मी जेवायला बसलो होतो. मैनाबाईने वाढले. ती खरे बोलत होती. तुझ्या आईच्या हातचे शेवटचे अन्न मी जाळले, तुझ्यासाठी ते जपणारीला घराबाहेर काढले आणि तुला पत्राने दोष तिचाच असे कळवले. त्या पत्रावर विसंबून तू, मैनाबाई गेली ते बरे झाले, असे लिहून बसलीस. लेखी केलेला आरोप तोंडी मागे घेता येत नाही, म्हणून हे पत्र. उद्या सकाळच्या गाडीने मी परसवाड्याला जात आहे. डोमाजीच्या दारात उभे राहून काय बोलायचे त्याचा मसुदा चार वेळा केला आणि चारही वेळा तो पुठ्ठ्यावरच्या नियमांसारखा झाला. तेव्हा मसुद्यावाचून जाईन. बांगडी तिच्या हाती देईन. खटक्यावर ती पुन्हा लावायची की नाही ते तिने ठरवावे, आणि बाळंतपणाला इकडे यायचे की नाही ते तू, तिचे उत्तर कळल्यावर. हे पत्र मात्र आधी पेटीत टाकून मगच गाडीत बसणार आहे. उलट क्रमाने केले तर ते खिशातच राहून जायचे, आणि माझ्या खिशांवर आता माझा विश्वास उरलेला नाही.

तुझाच, अजून एका भुवईचा,
बाबा