शॉमबर्ग ते काठमांडू, व्हाया बेसमेंट

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा संकल्प मुद्दाम चार तारखेला लिहितोय. एक तारखेला सगळेच लिहितात आणि त्यांचे टिकत नाहीत. माझा टिकणार.

संकल्प: मार्चमध्ये शाळांच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत नेपाळ. सकाळी योग, दुपारी देवळं आणि स्तूप. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना घेऊन. लीडर मी.

योग टीचरचं सर्टिफिकेट गेल्या महिन्यात आलं. कोर्स ऑनलाइन होता, पण परीक्षा होती. फ्रेम करून बेसमेंटच्या भिंतीवर लावलं. मृणालिनीने विचारलं, आता पायाचे अंगठे धरता येतात का. बायकोला सर्टिफिकेटची किंमत कळायला वेळ लागतो.

खरं कारण इथेच लिहून ठेवतो. आईला काठमांडूला बोलवायचं आहे. कोविडच्या आधी नागपूरला गेलो होतो, त्यानंतर भेट नाही. माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प केव्हाच संपलाय. इथे राहायला, नोकरी करायला काही अडचण नाही, पेपर्स अप्रूव्ह्ड आहेत. फक्त देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवीन स्टॅम्प लागतो, आणि इंडियात त्याच्या मुलाखतीच्या डेट्स मिळत नाहीत. काठमांडूत गर्दी नसते, असं ऑफिसमधला एक जण लंचला म्हणाला. तिथेच घेऊ. फॉर्मॅलिटी आहे.

११ जानेवारी, रविवार

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अनाउन्समेंट केली. प्रतिसाद जबरदस्त. तिळगूळ तोंडात असूनही लोक हो म्हणाले.

मंडळातल्या रवींद्रने नेहमीप्रमाणे खुसपट काढलं. हॉटेलात गीझर आहे का, सकाळचा चहा योगाच्या आधी की नंतर. मी म्हटलं, रिट्रीटला माणूस चहासाठी जात नाही. यावर निम्मे लोक विचारात पडले. चहा आधी, असं जाहीर करावं लागलं. रवींद्रकडे निळा, म्हणजे अमेरिकन पासपोर्ट आहे. निळा पासपोर्ट आला की माणसाच्या अंगात गीझर विचारण्याची हिंमत येते.

१८ जानेवारी, रविवार

आईला फोन केला. ती नाही म्हणेल, म्हणून मुद्दे काढून ठेवले होते: हवा, पशुपतिनाथ, गुडघ्यांना आराम. पहिल्या मुद्द्याच्या आधीच ती हो म्हणाली. बाकीचे मुद्दे तरीही सांगितले. वाया कशाला घालवायचे.

तिच्याकडे पासपोर्ट नाही. मोरूदादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, म्हणाला की नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं. तो तिला घेऊन येणार. मी दोघांना बजावलं की परदेश प्रवास म्हणजे खेळ नाही. कागदपत्रांचं फोल्डर करा, दोन कॉपी काढा, चेकलिस्ट मी पाठवतो.

आईने एकच विचारलं, तू नक्की येशील ना रे. मला हसू आलं. म्हटलं, आई, मी लीडर आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

बाहेर बर्फ. आत साधना. सूर्यनमस्कार सुरू केले. तिसऱ्याला कमरेत काहीतरी कट्ट म्हणालं. लगेच थांबलो. शरीराचं ऐकणं हाच योग.

इला जिन्यावरून बघत होती. डॅड, आर यू ओके, असं विचारून गेली. पंधरा वर्षांच्या मुलीने वडिलांची साधना पाहावी, संस्कार होतात. तिने ते मोबाइलवर शूट केलं नसतं तर आणखी बरं झालं असतं.

निर्णय: मी आसनं करून दाखवणार नाही. सांगणार. मोठे गुरू खुर्चीवरच बसतात.

८ फेब्रुवारी, रविवार

नेपाळच्या संस्कृतीचं प्रेझेंटेशन तयार केलं. भक्तपूर, पाटण, स्वयंभू, बौद्धनाथ. शेवटच्या स्लाइडवर रिस्क रजिस्टर: उंचीचा त्रास, पोट, पावसाळी हवा, रवींद्र.

मृणालिनीने विचारलं, तुझ्या स्टॅम्पिंगचं काय. तिचं गेल्या वर्षीच झालंय, तिचे बाबा वारले, ती इंडियाला गेली तेव्हा. मला तेव्हा जाता आलं नाही, ऑफिसात प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं. इला तर इथलीच, तिचा प्रश्न नाही. म्हणजे घरात राहिलो मी एकटा. ती म्हणाली, व्हिसाच्या वकीलबाईंना आज ईमेल कर.

आज रविवार. रविवारी ईमेल केला तर माणूस घाबरलेला वाटतो. उद्या बघतो.

२० फेब्रुवारी

वकीलबाईंना ईमेल केला. दहा-बारा दिवस थोडे कामात गेले.

आई रोज फोन करते. पूर्वी आठवड्यातून एकदा करायची. स्वेटर बाहेर काढलेत. संत्रा बर्फी विमानात चालते का, विचारत होती. मोरूदादा म्हणाला, ती शेजारणीकडून प्राणायाम शिकतेय. मुलाच्या क्लासमध्ये मागे पडायला नको म्हणे.

डोळ्यांत पाणी आलं. बाहेर हवा कोरडी आहे, हीटर चालू असतो, त्याने होतं.

२४ फेब्रुवारी

वकीलबाईंचं उत्तर. फारच लांबलचक. यांना थोडक्यात लिहायला कुणी शिकवलं नाही. सारांश असा की काठमांडूवर अवलंबून राहू नका. स्टॅम्पिंग आपल्या देशात जाऊन करायचं, आणि तिथल्या डेट्स पुढच्या वर्षापर्यंत दिसत नाहीत. आत्ता बाहेर गेलात तर परत कधी येता येईल, हे मी सांगू शकत नाही. नोकरीचं काय होईल, हेही नाही. मग ठळक अक्षरांत: माझा सल्ला, प्रवास करू नका.

वकील लोक असंच लिहितात. त्यांना स्वतःला वाचवायचं असतं. सल्ला म्हणजे हुकूम नव्हे.

मृणालिनीला म्हटलं, उत्तर आलंय, पॉझिटिव्ह आहे, थोडं फॉलो-अप लागेल.

१ मार्च, रविवार

टी-शर्ट आले. छातीवर हिमालय, पाठीवर 'लीडर' (फक्त माझ्या). थोडा घट्ट होतो. दोन आठवड्यांत सैल होईल. आजपासून फक्त सात्त्विक आहार.

संध्याकाळी मंडळात बटाटेवडे होते. बटाटा सात्त्विकच.

७ मार्च

मॅनेजरशी बोललो. सहज विषय काढला, की समजा मी नेपाळमध्ये अडकलो तर तिथून काम करता येईल का. तो म्हणाला, उल्हास, प्लीज डोन्ट डू धिस टू मी. त्याला टीममध्ये माझी किती गरज आहे हे दिसून आलं.

स्टॅम्पिंगची वेबसाइट रोज उघडतो. कॅलेंडर सगळं राखाडी. हिरवा चौकोन म्हणजे डेट. एकदा हिरवा दिसला, क्लिक करेपर्यंत गेला. दिसला ही मोठी गोष्ट आहे. डेट्स सुटतात, हे सिद्ध झालं.

१३ मार्च

आई म्हणाली, तिने आणि दादाने तिकिटांची प्रिंट काढून देवाजवळ ठेवली आहे. तिचा हा पहिला विमान प्रवास. मला विचारत होती, खिडकीची जागा मागितली तर देतात का रे. मी म्हटलं, मागायची. आपला हक्क आहे.

माझी बॅग भरून ठेवली. मॅट, टी-शर्ट, शंख. वेबसाइट राखाडी.

१६ मार्च

आज मृणालिनीने वकीलबाईंचा ईमेल वाचला. मीच लॅपटॉप उघडा ठेवून चहा करायला गेलो होतो. ती ओरडली नाही, हे लक्षण ठीक नव्हे. तिने विचारलं, आईंना कधी सांगणार. मी म्हटलं, अजून पाच दिवस आहेत, कॅलेंडर कधीही हिरवं होऊ शकतं. ती म्हणाली, मी आणि इला जाऊ. कुणीतरी जायला हवं. त्या एवढ्या लांबून येणार.

मी म्हटलं, नेतृत्व दुरूनही करता येतं. आयटीत आम्ही हेच करतो.

१९ मार्च, गुढीपाडवा

घरामागच्या लाकडी डेकवर गुढी उभारली. वाऱ्याने तांब्या शेजाऱ्यांच्या हॉट टबमध्ये गेला. शेजारी चांगले आहेत, परत दिला.

संध्याकाळी आईला फोन लावला. सांगणारच होतो. तिने आधीच सुरू केलं: तुझ्यासाठी कणकेचे लाडू केलेत, दादा म्हणतो ओझं होईल, पण मी ऐकणार नाही. म्हटलं, आई, कामाचं थोडं अडलंय, मी एक-दोन दिवस मागून येईन. ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, मग लाडू मी माझ्याजवळच ठेवते, सगळ्यांत वाटले जातील.

एक-दोन दिवस. तेवढ्यात कॅलेंडर हिरवं होऊ शकतं. हे खोटं नाही, आशावाद आहे.

२१ मार्च

सगळ्यांना ओहेअर एअरपोर्टला सोडून आलो. रवींद्रने लीडरचा टी-शर्ट मागितला, साइझ त्याला बरोबर बसेल म्हणे. दिला. शंखही दिला. त्याने एअरपोर्टवरच फुंकून पाहिला. आवाज आला. माझ्याकडून अजून आला नव्हता.

मृणालिनीने जाताना पाठीवर हात ठेवला. बराच वेळ. सिक्युरिटीची लाइन मोठी होती.

परत येताना रस्ता रिकामा. घरी आल्यावर माझी बॅग हॉलमध्येच दिसली. उद्या रिकामी करतो.

२४ मार्च

आई पोचली. मृणालिनीचा व्हिडिओ कॉल. आई हॉटेलच्या लॉबीत, स्वेटरवर स्वेटर, हातात मतदार ओळखपत्राची प्लास्टिकची पिशवी, अजून सोडलेली नाही. मला पाहिल्यावर म्हणाली, बारीक झालास. माझ्या वजनाबद्दल एवढं चांगलं या घरात कुणी बोलत नाही.

तिने विचारलं, कधीचं विमान आहे तुझं. मी म्हटलं, चेक करतोय. ती म्हणाली, सावकाश ये, घाई नको करू. दर विमानाला दादाला एअरपोर्टवर पाठवीन.

मी दादाला मेसेज केला की पाठवू नको. दादाने लिहिलं, ते तूच तिला सांग.

वेबसाइट दिवसभर उघडी. ऑफिसच्या दुसऱ्या स्क्रीनवर.

२५ मार्च. संध्याकाळी

सांगितलं. फोनवर. स्टॅम्प, डेट्स, वकील, सगळं समजावलं. स्लाइड शेअर करणार होतो, पण फोनवर जमेना. आईने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, म्हणजे काय रे, तिथून निघायला बंदी आहे की परत जायला. मी म्हटलं, परत यायला. ती म्हणाली, अच्छा. मग तिकडे दादाला म्हणाली, इलाला बोलव, तिने सकाळी काही खाल्लं नाही.

तिला टेक्निकल भाग नीट कळला नसावा. पुन्हा सांगेन.

२७ मार्च. संध्याकाळी

उत्तम बातमी. मृणालिनीने सुचवलं की काठमांडूजवळच्या नगरकोटला सूर्योदयाचं सेशन मी झूमवर घ्यावं. तिकडे सकाळ, इकडे संध्याकाळ. म्हणजे शेवटी लीडर तो लीडर. मॅट झटकली, मागच्या भिंतीवर सर्टिफिकेट दिसेल असा कॅमेरा लावला. बेसमेंटमध्ये पौर्णिमेसारखा लाइट केला. आधी जेवून घेतलं, रिकाम्या पोटी सांगताना आवाज बसतो. वरणभात, फ्रीजमधला श्रीखंडाचा डबा. अख्खा नाही.

थोड्या वेळात सुरू.

२७ मार्च. नंतर

अभूतपूर्व यश. हॉटेलची गच्ची, मागे डोंगर, ओळीने मॅट, पहिल्या मॅटवर आई. मांडी घालून ताठ बसलेली. मला अशी मांडी घालता येत नाही. ओंकार झाला. प्राणायाम झाला, आईचा श्वास सगळ्यांत लांब, शेजारीण चांगली शिकवते. शेवटी शवासन. मी स्वतः पडून सांगितलं, म्हणजे लोकांना धीर येतो. डोळे मिटा. पाय सोडून द्या. सगळं सोडून द्या.

इतका वेळ शांतता टिकली की मी थक्क झालो. मधे कुणी खोकलंही नाही. डोळे उघडले तेव्हा कॉल संपलेला होता. लोक इतके आत गेले होते की बाय म्हणायचं भान कुणाला राहिलं नाही. रिट्रीट म्हणतात ती हीच.

पुढच्या वर्षी भूतान करावं. स्टॅम्पिंग तोवर होईल.

५ एप्रिल, रविवार

मृणालिनी आणि इला परत आल्या. घर पुन्हा गजबजलं. लाडूचा डबा आला. प्रवासात लाडू फुटले, चुरा चमच्याने खाल्ला.

इला चांगल्या मूडमध्ये होती. तिला विचारलं, माझं सेशन लोकांना कसं वाटलं. ती हसायला लागली. डॅड, यू फेल असलीप. प्राणायाम झाल्यावर शवासन सांगता सांगताच मी घोरायला लागलो म्हणे. रवींद्रने थोडा वेळ वाट पाहिली, मग शंख फुंकला, तरी मी उठलो नाही. मग सगळे ब्रेकफास्टला गेले.

मी म्हटलं, मग कॉल कुणी बंद केला.

कुणी नाही, इला म्हणाली. आजी बसून होती. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बघत राहिली. इला तिला खायला बोलवायला दोनदा गेली. आजीने हाताने गप्प राहा म्हटलं. झोपू दे त्याला, म्हणाली, किती दिवसांनी बघतेय झोपलेला. मग बॅटरी गेली.

इला हे सांगून फोन बघत वर गेली. मृणालिनी बॅगेतले कपडे काढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल आभार.

संध्याकाळी बेसमेंटमध्ये मॅट घातली. शवासन केलं. झोप आली नाही.