पुसलेले तेरा गोल

सर, गेल्या महिन्यात तुमच्या हळर्णच्या घरी जाऊन आलो. तुम्ही गेल्यानंतर त्या घराची पायरी मी पहिल्यांदाच चढलो, आणि ज्या कामासाठी चढलो ते तुम्हाला सांगायला नको वाटतं. किळस येते म्हटलं तरी चालेल. आयुष्यभर वर्तमानपत्रात खेळाचं पान सांभाळलं, रोज संध्याकाळी ठरल्या वेळेला मजकूर पुढे पाठवला, त्यामुळे कितीही राग आला तरी वाक्य सरळ लिहायची सवय हाताला लागली आहे. ती सवय इथंही टिकेल असं धरून चालतो.

निवृत्त झालो तरी पुरवणीवाले अधूनमधून मजकूर मागतात. यंदा त्यांना पेडणे आणि डिचोलीतल्या मुलामुलींच्या फुटबॉल क्लबांची तुलना हवी होती. कुठला क्लब पहिला, कुठला घसरला, पालकांनी आपलं मूल कुठं घालावं. तुम्ही हे वाचून हसला असता. तुमच्या काळात मूल कुठं घालायचं हा प्रश्नच नव्हता, भात कापून झालं की ज्याच्या घरासमोर जे शेत मोकळं पडेल तिथं त्यानं खेळायचं. मी वहीपेन घेऊन मैदानं फिरलो. एका क्लबाच्या फाटकावर मोठा फलक, 'लीगमध्ये प्रथम'. चौकशी केल्यावर कळलं, हे खालच्या गटात प्रथम. वरच्या गटात जायची पात्रता असून ते गेले नव्हते, कारण तिथं पाचवे आले असते आणि पाचव्याचा फलक कोणी लावत नाही. दुसऱ्या क्लबाचा प्रशिक्षक मला म्हणाला, "आम्ही मुलं घडवतो," आणि त्याच दमात शेजारच्या क्लबातली कुठली तीन मुलं पुढच्या मोसमात आपल्याकडे येणार ते त्यानं सांगितलं. मुलं घडवतो म्हणजे घडलेली आणतो. गुणतक्ता प्रत्येक पालकाच्या फोनवर आहे. दहा वर्षांच्या मुलीचा क्लब तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला म्हणून तिच्या बापाचं तोंड उतरलेलं मी पाहिलं आहे. मुलगी बाजूला बसून बर्फाचा गोळा खात होती.

इथवर मी बाहेरचा माणूस होतो. पण माझी नात, मुलीची मुलगी, डिचोलीच्या एका क्लबात तेरा वर्षांखालच्या मुलींत पुढच्या फळीत खेळते. चांगली खेळते. एके दिवशी त्यांचा सामना मोपा विमानतळाकडच्या सड्यावर, माळावरच्या नव्या मैदानात होता. हिरवं नकली गवत, वरून विमान गेलं की पोरी क्षणभर मान वर करतात आणि प्रशिक्षक ओरडतो. समोरचा संघ हळर्णचा. जेमतेम अकरा मुली, बदली एकही नाही, दोघींच्या पायात एकाच घरातले वाटावेत असे सैल बूट. संघाबरोबर आलेल्या बाईंना मी लांबून ओळखलं. कमरेवर हात ठेवून मैदानाच्या कडेला उभं राहायची ती पद्धत तुमची. तुमची मुलगी, सर. आता ती त्याच शाळेत शिकवते आणि शाळा सुटल्यावर या मुलींना खेळवते.

मध्यंतरापर्यंत सहा गोल झाले होते. मला वाटलं, आता आमचा प्रशिक्षक मोठ्या मुली बसवील, लहानांना उतरवील. त्यानं मुलींना गोळा केलं आणि सांगितलं, "थांबायचं नाही. त्या दुसऱ्या क्लबाचे आणि आपले गुण बरोबर आहेत. गोलांच्या फरकावर पहिला नंबर आहे." मग पालक सुरू झाले. "अजून दोन! अजून दोन!" एक बाई, शिकलेली, बँकेत नोकरी करणारी, हातातला पंखा खुर्चीवर आपटत ओरडत होती, "दयामाया घरी, घरी!" कोणीतरी हळूच म्हणालं, "पुरे हो आता." तिनं वळून विचारलं, "तुमची मुलगी बाकावर आहे ना? मग तुम्हाला पुरेच वाटणार." सगळे हसले. हळर्णची गोलकीपर अंगानं सगळ्यांत लहान होती. दहाव्या गोलाला ती पाय घसरून पडली, चेंडू तिच्या पाठीवर आपटून आत गेला. तेरावर शिट्टी झाली. आमच्या नातीचे त्यातले चार.

तुमची शेतातली रीत मला तिथं आठवली. एक बाजू फार पुढे गेली की तुम्ही बाजू बदलताना खेळ थांबवायचात आणि हरणाऱ्या पुढाऱ्याला सांगायचात, "उचल खंयचोय एक." मग तो जिंकणाऱ्यांतला सगळ्यांत चांगला गडी उचलायचा आणि त्या गड्याला शर्ट उलटा घालून पलीकडे जावं लागायचं. सर, आम्हाला ती रीत मुळीच आवडत नसे. मी दोनदा उचलला गेलो आणि दोन्ही वेळा रुसून खेळलो. तुम्ही शेताच्या मेरेवर, बांधावर बसून काजूच्या बिया सोलत बघत होता, समजावून वगैरे सांगितलं नाहीत. निकाल मात्र सांगता यायचा नाही, कारण कोण जिंकलं ते कोणालाच नीट कळत नसे. एकदा मी शाळेच्या दगडी गडग्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत निकाल लिहिला होता. तुम्ही वाचलात आणि सगळ्या वर्गासमोर मला विचारलंत, "आकडो बरयलोस. खेळ खंय आसा?" त्या दिवसापासून मी नुसता आकडा न लिहिता खेळ लिहायला शिकलो, असं मी सत्काराच्या भाषणांत सांगत आलो आहे. खरं म्हणजे त्या दिवशी मी नुसता लाल झालो होतो.

सामन्याच्या संध्याकाळी कुणा पालकानं गोलकीपर पडली तेवढाच तुकडा फोनवर फिरवला, मागे हसण्याचं गाणं लावून. तो हळर्णला पोचायला कितीसा वेळ लागणार. ती गोलकीपर शाळेत जायची थांबली. दोन घरांतून निरोप आला, आमची पाठवणार नाही. अकरांतल्या तीन गळल्यावर संघ उरतच नाही, म्हणून तुमच्या मुलीनं लीगला कळवलं, आम्ही बाहेर पडतो. तिच्या संघाचा शेवटचा एक सामना उरला होता, तोही तिसऱ्याच कुठल्यातरी क्लबाशी.

आणि इथं आमच्या क्लबात आकांत झाला. लीगचा नियम असा की जो संघ आपले सगळे सामने खेळत नाही, त्याचे आधीचे निकालही धरत नाहीत. म्हणजे आमचा विजय गेला, त्याचे गुण गेले, तेरा गोल गेले. त्या दुसऱ्या क्लबाला मात्र हळर्णच्या मुलींनी चिखलात बरोबरीत रोखलं होतं, त्यामुळे त्यांचा एकच गुण जाणार. आमचा क्लब पहिल्याचा दुसरा होणार, आणि राज्याच्या फेरीला जातो फक्त पहिला. ज्या पोरींना इतकं तुडवलं, त्या तुडवून घ्यायला आल्या नाहीत तर यांचा नंबर जात होता. जावई क्लबाच्या व्यवस्थापकाला घेऊन माझ्याकडे आले. "पप्पा, त्या बाई तुमच्या सरांची मुलगी ना? तुमचं ऐकतील. जिंकायचं नाही, काही नाही. नुसतं मैदानात उभं राहायचं." व्यवस्थापक म्हणाला, "बस आम्ही पाठवतो. नाश्ताही देतो. हवे तर बूट देतो." मी त्याला नाही म्हणणार होतो. दारात नात उभी होती. राज्याच्या फेरीसाठी ती गेले सात-आठ महिने पहाटे उठून धावते आहे, तिला मीच उठवतो. मी गेलो.

तुमच्या मुलीनं मला सोप्यावर बसवलं. "दादा, आदी च्या घे." पाव आणला, घरचं लोणी आणलं. तुमचा फोटो आतल्या खोलीत आहे, बाहेर कुठंच नाही, ते मला आवडलं. मी बसचं सांगितलं, नाश्त्याचं सांगितलं, बुटांचंही सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बस धाडतले, नाश्तो देतले. आणि माज्या चेडवांनी थंय काय करूचा? उभ्या रवान गोल मोजूचे?"

मी म्हणालो, "एक तास गं. माझ्या नातीचा प्रश्न आहे."

"तुज्या नातीचो आसा. बरो. त्या कीपराक तू जावन सांग, की तुज्या नातीसाठी ये म्हणान. घर थंय आसा, माडाच्या पलीकडे. तुज्या वांगडा येतंय मी."

मी उठलो नाही. तिनंही मग ताणलं नाही. "त्यांनी इडियो काढलो, हसले," ती कप उचलत म्हणाली, "ताचो माका राग नाय, जाता तसला. पण तुमचो क्लब आता बूट धाडता? आदी बूट दिल्यार तेरा खाल्ले नसते." आणि ती हसली, सर. मलाही हसू आलं. ती फाटकापर्यंत आली, नातीसाठी रातांब्याची सोलं बांधून दिली आणि म्हणाली, "चेडू बरा खेळता रे तुजा. डावो पाय बरो आसा." तिच्या मुलींना तुडवणाऱ्या मुलीचा डावा पाय तिनं पाहून ठेवला होता.

संघ आला नाही. निकाल पुसले गेले, आमचा क्लब दुसरा झाला, पालकांच्या गटात तुमच्या मुलीला काय काय म्हटलं ते मी इथं लिहिणार नाही. बँकेतल्या बाईनं तर आपल्या मुलीचं नाव त्या पहिल्या आलेल्या क्लबात घातलंसुद्धा. पुरवणीचा लेख मी वेळेवर दिला. त्यात गुणतक्ता छापावाच लागला, त्यात हळर्णचं नाव नाही, जणू त्या मुली मोसमभर घरीच बसल्या होत्या. नातीनं तक्ता वाचला आणि मला विचारलं, "आजोबा, मग माझे ते चार गोल कुठं गेले?" मी म्हणालो, धरले नाहीत. "पण मी मारले ना? आणि तिनं खाल्ले ना?" मी म्हणालो, हो. "तिला सांगितलं का कुणी, की ते आता नाहीत म्हणून?" मी पुरवणीची घडी घातली. ती दोन दिवस खेळायला गेली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच उठली. कुठल्या क्लबात राहायचं ते अजून ठरलेलं नाही. आईबाप तक्ते बघताहेत.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्हाला पाठवायचं तर पत्ता त्याच घराचा, आणि ते उघडून वाचणार तुमची मुलगी. तिनं वाचू नये असं यात एकच आहे. त्या दिवशी सोलांची पुडी शेजारच्या सीटवर ठेवून मी हळर्णचा उतार उतरत होतो, दारात उभी राहिलेली नात डोळ्यांसमोर होती, आणि मी मनात म्हणालो, एक तास उभं राहायला काय जात होतं हिच्या पोरींचं?