नीलेशच्या वहीचे आणि माझ्या गॅरेजचे काय करावे

मी, लवू धर्माजी रेवाळे, वय वर्षे सत्तावन्न, धंदा मोटार मेकॅनिक, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातले, सध्या राहणार पेणकरपाडा, मिरा रोड पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत, आठवड्यातून तीनदा मशीनवर झोपावे लागते. डोके मात्र ठिकाणावर आहे. कोणी धाक घालून, पाजून किंवा गोड बोलून हे माझ्याकडून लिहून घेतलेले नाही. वकीलसाहेबांनी नमुना दिला होता. मी त्यात माझे घालत गेलो, तेव्हा ते म्हणाले, "काका, एवढं मृत्युपत्रात लागत नाही." मी म्हटले, "तुम्हाला लागत नसेल, मला लागतंय."

कलम १. पेणकरपाड्यातील राहती खोली, बँकेतली ठेव आणि विम्याचे जे काय येईल ते, सगळे माझी पत्नी शेवंती हिचे. एकटीचे. तिने ते कोणाला विचारून खर्च करू नये. सव्वीस वर्षे तिने माझे ऑइलचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवून धुतले आणि एकदाही कुरकुर केली नाही. माळ्यावर एका पिशवीत आमच्या गेलेल्या मुलाचा, नीलेशचा, न धुतलेला शर्ट आहे. तो तिने मुद्दाम धुतलेला नाही. त्या पिशवीला दुसऱ्या कोणी हात लावू नये. कलमात घातले म्हणजे आता तो कायदा झाला.

कलम २. गावच्या घरातला आणि काजूच्या बागेतला माझा हिस्सा थोरल्या भावाच्या, म्हणजे खंडूदादाच्या, मुलीला, ममताला द्यावा. दादाला काहीही देत नाही, त्यामुळेच त्याला साक्षीदार करता आले. दादा, हे वाचताना तू समोरच बसलेला असशील, तेव्हा ऐकून घे. नीलेशच्या तेराव्याला तू मंडपात सगळ्यांसमोर म्हणालास, "नशिबात होतं त्याच्या." त्या दिवसापासून मी तुझ्याशी धड बोललेलो नाही. नशिबात कुठे काय होते? टेम्पोखाली सिमेंटचा पेव्हर ब्लॉक होता आणि तो लावायला मी सांगितला होता. माझी चूक नशिबाच्या गळ्यात घालून तू मला वाचवायला बघत होतास, हे मला कळते. पण मला वाचायचे नव्हते रे. आता राग संपला. सही कर.

कलम ३. माझा चौदाचा जुना पान्हा रशीद उस्तादांच्या घरी परत द्यावा. उस्ताद आता हयात नाहीत. त्यांचा मुलगा घोडबंदरला राहतो, त्याला द्यावा. तेरा वर्षांचा असताना मी त्यांच्याकडे कामाला राहिलो. "हाथ काला कर, दिमाग अपने आप चलेगा," असे ते म्हणत, आणि नाही चालले की हातात असेल ते फेकून मारत. माझ्या डाव्या भुवईवरची खूण या चौदाच्या पान्ह्याची. मी ती मिरवत आलो. माझ्याकडे शिकलेल्या प्रत्येकाला दाखवली, "असं शिकतात गाडी." उस्तादांनी मला पोटापाण्याला लावले, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण मार खाऊन जगलो म्हणून मार बरोबर होता असे धरून चाललो, तिथे माझे गणित फसले.

कलम ४. नीलेशची वही.

ऑगस्ट २०२२ मध्ये माझा मुलगा नीलेश याचा सरकारी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला नंबर लागला. दोन वर्षांचा कोर्स. मला हसू आले. घरचे गॅरेज असताना शाळा कशाला? माझ्याकडे सर्टिफिकेटवाली पोरे यायची, इंजिनाचे सुरेख चित्र काढून दाखवायची आणि जाम झालेला नट सोडवताना बोटे सोलून घ्यायची. मी चारचौघांत म्हणायचो, "कागदाने नट सुटत नाही." तरी नीलेश हट्टाने गेला.

आठव्या दिवशी जेवताना म्हणाला, "बाबा, आपला जॅक हळूहळू खाली बसतोय. मॅडम म्हणाल्या, जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाय. लोखंडी स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली जायचंच नाय. आपण दोन स्टँड घेऊया ना."

मी ताट सरकवले. म्हटले, "आठ दिवसांत बापाचा मास्तर झालास? वीस वर्षं टेकूला पेव्हर ब्लॉक लावतोय, काय झालं मला?" शेवंती म्हणाली, "अहो, पोरगं वाईट काय सांगतंय?" मी तिच्यावरही ओरडलो. दुसऱ्या दिवशी आयटीआयमध्ये जाऊन त्याचे नाव काढण्याच्या अर्जावर पालक म्हणून सही केली. नीलेश बाजूला उभा होता. बाहेर पडल्यावर एवढेच बोलला, "वही ठेवू ना?"

बारा मार्च २०२४, मंगळवार, सकाळचे साडेअकरा. भाजीवाल्याचा टेम्पो, गिअरबॉक्स उतरवायचा होता. जॅक चढवून नीलेशने ब्लॉक हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी गिऱ्हाईकाशी बोलत होतो. हातानेच खूण केली, लाव. तो लावून खाली गेला. जॅक बसला, सगळे वजन ब्लॉकवर आले आणि ब्लॉक मधोमध फुटला. आवाज मोठा नव्हता. मला वाटले पान्हा पडला. पुढचे लिहीत नाही. त्याचे वय एकोणीस होते. त्या वेळी तो वर्गात असता. मंगळवारी साडेअकराला त्यांचे प्रॅक्टिकल असते, मी नंतर जाऊन वेळापत्रक बघून आलो.

तेव्हाच तिथल्या निदेशक, म्हणजे नीलेशला शिकवणाऱ्या, सुगंधा खरात मॅडमना भेटलो. भांडायला गेलो होतो, कशावरून ते मलाच ठाऊक नव्हते. हातात नीलेशची वही होती. मॅडम म्हणाल्या, "रेवाळे ना? वर्ग सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं त्याने, मॅडम, स्टँड घरीच वेल्ड करून चालेल का, बाबा विकतचा घेणार नाहीत. मी म्हटलं, नाही चालणार, ज्यावर वजन लिहिलेलं असतं तोच घे." माझ्या पोराला आठव्या दिवसाच्या आधीच माहीत होते की बाप ऐकणार नाही, तरी तो मला विचारायला आला होता.

लोक अजून विचारतात, "लवूशेठ, पोराला आयटीआयला घालू की तुमच्याकडे ठेवू?" उत्तर इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यामागे कोणी माझ्या नावावर भलते खपवायला नको. गॅरेजने मला कान दिला. इंजिनाच्या आवाजावरून दुखणे ओळखतो, ते कुठल्या वर्गात दोन वर्षांत येत नाही. तिथली पोरे पहिल्या दिवशी कच्चीच असतात, हे खरे आहे. पण गॅरेजमध्ये शिकवायला उरतो तो वाचलेला माणूस. तो छाती काढून सांगतो, मला काय झालं? जे वाचले नाहीत ते सांगायला येत नाहीत. त्यांचे म्हणणे फक्त शाळेत शिकवतात. म्हणून आधी शाळा, मग गॅरेज. हे मला कळायला एक पोर गेले.

वहीत एकच पान भरलेले आहे. बाकी कोरी आहे. वही माझी मुलगी संजना हिला द्यावी. तिने दुसऱ्या पानापासून लिहावे.

कलम ५. गॅरेज. गाळा, शटर, कॉम्प्रेसर आणि सगळी हत्यारे संजनाची. ती सोळा वर्षांची आहे. यंदा दहावी पास झाली आणि आम्हाला न विचारता तिने त्याच आयटीआयला, त्याच ट्रेडला अर्ज भरला. नंबर लागला. त्या दिवशी शेवंती जेवली नाही. म्हणाली, "एक दिलाय. दुसरी देणार नाय." पालकांच्या सहीचा कागद तेव्हापासून देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या करंड्याखाली पडून आहे. मुदत शुक्रवारपर्यंत आहे. संजना रोज त्याच्याकडे बघते आणि आईला काही बोलत नाही. पोरगी भावावर गेली आहे.

त्या कागदावर मी माझी सही करून ठेवली आहे. पण शेवंतीची सही झाल्याशिवाय तो कोणीही देऊ नये. एकदा या घरात माझ्या एकट्याच्या सहीने काम झाले, तेवढे पुरे. ती नाही म्हणाली तर गॅरेज विकावे आणि तिला कोणी एका शब्दाने बोलू नये. हो म्हणाली तर दोन वर्षे कोर्स आणि एक वर्ष कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काम होईपर्यंत शटरला कुलूप ठेवावे. उघडताना पहिली खरेदी वजन लिहिलेल्या लोखंडी स्टँडची, दोन नग. जुना जॅक भंगारात घालावा, माझ्यादेखत घातला तर बरे.

कलम ६. माझ्या खाटेखाली एका गोणीत त्या पेव्हर ब्लॉकचे दोन तुकडे आहेत. शेवंतीला हे माहीत नाही. ते खरात मॅडमना द्यावेत. दरवर्षी नवी पोरे आली की पहिल्या दिवशी त्यांनी ते टेबलावर ठेवावेत. नीलेशचे नाव सांगावे. माझेही सांगावे, ब्लॉक लावायला सांगणारा कोण होता म्हणून.

इथपर्यंत लिहून आज दुपारी साक्षीदारांसमोर शेवंतीला वाचून दाखवले. ती गवार मोडत बसली होती. खाली बघूनच ऐकत होती. कलम ६ आले तेव्हा म्हणाली, "माहितेय मला. झाडताना रोज हलवते ती गोण." मी थांबलो. दादाने माझ्या हातातला कागद घेतला.

शेवंती उठली, हात धुतले, करंडा बाजूला करून फळीवरचा कागद काढला. संजना दारात उभी होती. शेवंतीने मला विचारले, "स्टँड किती लिवलेत?"

मी म्हटले, "दोन."

"दोन नाय. चार लिवा," म्हणाली, आणि पेन माझ्याकडे मागितले.

सबब कलम ५ मधील "दोन नग" हे शब्द रद्द समजून तेथे "चार नग" असे वाचावे. ही दुरुस्ती माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून केली असून मला पूर्ण मान्य आहे. याखेरीज माझे दुसरे कोणतेही मृत्युपत्र नाही.

लिहून देणार: लवू धर्माजी रेवाळे (सही)

आम्हा दोघांदेखत लवू रेवाळे यांनी वाचून सही केली, दुरुस्तीसुद्धा आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १: खंडू धर्माजी रेवाळे, थोरला भाऊ (सही). कलम २ वाचले. बरोबर आहे.

साक्षीदार २: सुगंधा खरात, निदेशक (सही). दोन तुकडे आजच ताब्यात मिळाले.

ठिकाण: पेणकरपाडा, मिरा रोड पूर्व
दिनांक: १४ जुलै २०२५