आमच्या इमारतीतली बँक

२ जानेवारी, सकाळ. उणे चोवीस.
आग लागो या हार्बिनच्या टुरिझमला. आज जिन्यात सात जण. सगळे दक्षिण चीनकडचे, गोल टोप्यांतले बुटके. गावात त्यांना लाडाने 'बटाटे' म्हणतात. मी लाडाने म्हणत नाही. शंभर वर्षांची रशियन इमारत, चौदा खांब, वर घुमट! आणि विचारतात काय, तर आजोबा, गोड-आंबट तळलेलं डुकराचं मटण जवळपास कुठे चांगलं मिळतं?
निश्चय: उद्यापासून दारात उभं राहून इतिहास सांगायचा. बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं नकाशे काढलेत, इमारत बघितली की कळते मला. ही बँक होती. तळमजल्यावरची लोखंडी दाराची खोली म्हणजे तिजोरी. छत काळंकुट्ट, कारण पळताना रशियनांनी कागदपत्रं जाळली. (सध्या तिथे आमचा कोबी असतो.)

३ जानेवारी.
फार थंडी. उद्यापासून.

५ जानेवारी.
वॉर्ड ऑफिसच्या च्याव बाई इमारतीवर पाटी लावणार आहेत. माहिती मागितली. नऊ पानं दिली. बाई इतक्या भारावल्या की बोलताच येईना. बायको, गुइझन, म्हणाली, अहो, पाटी ताटाएवढी असणार.

८ जानेवारी, दुपार.
व्याख्यान! बारा श्रोते. पाचव्या खांबाशी एका पोरीने हात वर केला. वाटलं, बांधकामाचं विचारेल. म्हणे, आजोबा, वरून वास कसला येतोय? गुइझन आंबवलेला कोबी आणि मटण शिजवत होती. बाराही जण वर! उरलेले नऊ खांब मी एकट्यानेच संपवले. वर गेलो तर एक बटाटा माझ्या वाडग्यातून जेवत होता.

९ जानेवारी.
बायकोशी अबोला. जेवण उत्तम झालं होतं. बोललो नाही. आणखी वाढ, हे बोटाने दाखवलं.

१२ जानेवारी.
शेनयांगहून कुणी फांग आजी आल्या, वय शहाऐंशी, नातवाचा हात धरून. लोखंडी दारावर तळवा ठेवून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, इथे माझे बाबा सॉसेजला धूर द्यायचे. मी म्हणालो, आजी, बँक. त्या म्हणाल्या, सॉसेज. दुपारी बाबांचा डबा मीच आणायचे. माझा पारा चढला. म्हणालो, या वयात माणसाला काहीही आठवतं.
त्यांनी दारावरचा तळवा काढला. नातवाला म्हणाल्या, चल. मी घुमटाची उंची सांगत होतो, पण थांबल्या नाहीत. गुइझन गरम पाण्याची बाटली घेऊन त्यांच्यामागे धावली. परत आल्यावर म्हणाली, लाज कशी वाटत नाही तुम्हाला? आता अबोला तिचा.

१५ जानेवारी.
पाटी लागली. 'पूर्वीचे रशियन सॉसेजचे दुकान.' नऊ पानांतला एक शब्द नाही! च्याव बाई म्हणाल्या, काका, सरकारी दफ्तरात जुना फोटो आहे, दारात सॉसेज टांगलेली दिसतात. मी म्हणालो, बँकेतल्या लोकांना भूक लागत नाही का?
निश्चय: प्रांताच्या सरकारला पत्र. पुराव्यासकट.

१६ जानेवारी.
पुराव्यासाठी तिजोरीच्या छताची काजळी सुरीने खरवडली. जळक्या कागदाची काजळी कोरडी असते. ही चिकट निघाली. हुंगून पाहिली. चरबी. इतकी वर्षं झाली, तरी चरबीच. बराच वेळ कोबीच्या ढिगावर बसून होतो.
पत्र लिहिलं नाही. पेनातली शाई गोठली होती.

१७ जानेवारी.
आजींचा नंबर गुइझनने घेतलेला. मागितला. पाच दिवसांत पहिल्यांदाच बोलली, निदान माफी तरी धड मागा.
घरात रेंज नाही, म्हणून जिन्यात उभा राहिलो. नातवाने विचारलं, कोण बोलतंय? म्हणालो, सॉसेजच्या दुकानातून. मग आजी फोनवर आल्या. त्यांना कमी ऐकू येतं. म्हणाल्या, जरा मोठ्याने. शेवटी ओरडलो, सॉसेजच्या दुकानातून बोलतोय, माझं चुकलं! सगळा जिना घुमला. आजी हसत होत्या की रडत, कळलं नाही.
फोन ठेवून वळलो तर मागे अकरा बटाटे. एकीने अगदी अदबीने विचारलं, आजोबा, दुकान किती वाजता उघडतं?