काकांच्या मुलाला मी बोललो

आई,

काल आपल्या चर्चचा सण होता. मिस्सेची प्रार्थना संपल्यावर फादरांनी वेदीजवळ उभं राहून वर्षभर आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना पुढं बोलावलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे लोक तरी तुझ्या मातीला आलेले होते. मी नव्हतो. मी पोचलो तेव्हा मातीवरची फुलं सुकलेली होती, आणि आता त्याच लोकांच्या चेहऱ्यावर त्याचं काहीही दिसत नव्हतं. ते बघून मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. तेव्हापासून तुला काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटतंय, म्हणून आज बसलोय.

तुझ्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी मस्कतला होतो, हे तुला सांगायला नको. दोन वर्षं तू अंथरुणावर होतीस आणि आपल्या चर्चच्या पॅरिशमधल्या बायका पाळी लावून तुझ्याकडं यायच्या. कुणी आंघोळ घालायची, कुणी ताट आणायची. मी शेजारच्यांनी तुझ्या कानाला लावलेल्या फोनवर सांगायचो, "पुढच्या सुट्टीत येतो." तुझं बोलणं नीट कळायचं नाही, तरी तुझा हुंकार मला कळायचा. त्या हुंकारात कधी तक्रार नसायची, म्हणून मी पुढची सुट्टी आणखी पुढं ढकलू शकलो. नोकरी संपल्यावर मी कोल्हापुरात परत आलो ते तुझ्या त्याच दोन खोल्यांत. रविवारी चर्चला जायचो, मागच्या बाकावर बसायचो आणि कुणाशी फार न बोलता घरी यायचो. बरीच वर्षं असंच चाललं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं. फादरांनी चर्चचा हॉल उघडला आणि ज्याला हात आहेत त्यानं यावं असा निरोप फिरवला. मी गेलो. हॉलमध्ये पोती, चटया, ओले कपडे, रडणारी पोरं. शेजारच्या मोहल्ल्यातून भाताची भांडी येत होती, कोपऱ्यावरच्या लिंगायत दुकानदाराच्या घरून भाकऱ्या येत होत्या, आणि मी हातात डाव घेऊन खिचडी वाढत होतो. तिथं खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना नदीकाठच्या घरातून नावेनं आणलं होतं. आपल्याच पॅरिशचे, शहर बसवरचे जुने ड्रायव्हर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता मुलगा कॅनडात होता. त्यांनी पहिला घास खाल्ला, थाळी खाली ठेवली आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातल्या बाईचा पोरगा न्हवं तू?"

"व्हय काका."

"मग मिठाचा अंदाज यायला पायजे की तुला."

कित्येक वर्षांत कुणी मला तुझा पोरगा म्हणून हाक मारली नव्हती. मला ते मुलींच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर आठवलं. सिस्टरांनी दिलेला निळा एप्रन बांधून तू चुलीपुढं उभी आहेस, आजऱ्याला काजू फोडून फोडून काळी पडलेली तुझी बोटं पीठ मळतायत, आणि मी धान्याच्या पोत्यावर बसलोय. मी हळूच वरची भाकरी उचलतो. तू माझ्या हातावर फटका मारतेस. "आधी पोरींचं. त्यांची आई हितं न्हाय, तुजी हाय." मी रुसून पायरीवर जाऊन बसतो, आणि सगळ्या पोरी जेवून गेल्यावर तू मला तव्यावरची गरम भाकरी गुळाबरोबर देतेस. बोलत काहीच नाहीस.

पाणी ओसरल्यावर फादरांनी विचारलं, काकांकडं आठवड्यातून एकदा जाल का. त्यांचे हात थरथरायचे, दाढी करताना कापून घ्यायचे. मी शनिवारी जायला लागलो. रविवारच्या मिस्सेला चेहरा नीट असावा म्हणून गरम पाणी करायचं, साबण फेसायचा आणि हळूहळू दाढी करायची. नखं कापायची. पुरानं भिंतींचा रंग पार उतरला होता, तो मी आणि चर्चमधल्या दोघांनी मिळून दिला. ऑक्टोबरात घराघरांतून रोजरीची प्रार्थना फिरली तेव्हा एक संध्याकाळ काकांकडं ठेवली. सगळ्यांना चहा मिळतोय का हे ते खुर्चीवरून ओरडून बघत होते. आई, मला तिथं जायला आवडायचं. हे चांगलं काम म्हणून नव्हे. त्यांची पाठ पुसताना मला वाटायचं, हात कुणाच्या तरी अंगाला लागतोय ना. ज्या अंगाला लागायला हवा होता त्याला तो लागला नव्हता.

रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन धरायला मी थांबायचो. त्याआधी काका केस विंचरायचे आणि काठी पलंगाखाली सरकवायचे. "मी झ्याक हाय," असं म्हणायचे. मागच्याच आठवड्यात ते मोरीत पडलेले असायचे, कोपर सुजलेलं असायचं, आणि तो हात ते फोनच्या बाहेर ठेवायचे. मुलगा म्हणायचा, "बघतो पप्पा, सुट्टीचं काय होतंय." त्याचा प्रत्येक शब्द तोंडातून यायच्या आधीच मला कळायचा. कुठं तो थांबणार, कुठं हसून विषय बदलणार, सगळं. ते शब्द मी स्वतः वापरून झालेले होते. तरी मला त्याचा राग यायचा, आणि राग येतोय हे मला बरं वाटायचं. आपण त्याच्यापेक्षा वेगळे झालोय असं वाटायचं.

नाताळला तो आला. चाळिशीचा, शांत बोलणारा, वडिलांसाठी जाड जाकीट आणलेलं. नाताळच्या मिस्सेला बापलेक शेजारी बसले होते. काकांनी नव्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावली होती आणि घामानं भिजले होते. दुपारी त्यांच्याकडं जेवण होतं. काका आत शेजाऱ्यांना करंज्या खायला घालत होते, मी अंगणातल्या नळावर भांडी विसळत होतो. मुलगा बाहेर आला. माझा हात धरून म्हणाला, "काका, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही आहात म्हणून मी तिकडं निवांत असतो."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "माझ्या जिवावर निवांत राहू नकोस," मी म्हणालो. मग थांबलोच नाही. "तुझे वडील तुझ्या फोनच्या आधी काठी लपवतात, माहितीये तुला? महिन्यात दोनदा पडलेत. सुजलेला हात तुला दिसू नये म्हणून बाजूला धरतात. एक दिवस फोन येईल आणि तू पोचशील तेव्हा सगळं उरकलेलं असेल. त्या दिवशी रडायला माझ्याकडं येऊ नकोस."

तो नळाकडं वळला. नळ सुरू करून हात धूत राहिला. हात स्वच्छच होते. नळ बंद करून म्हणाला, "मला माहितीये, काका."

त्यानंतर त्या घरात काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. त्यानं वडिलांची बाही वर करून हात बघितला. घर विकून माझ्याबरोबर चला म्हणाला, नाहीतर वृद्धाश्रमात नाव घालतो म्हणाला. काका ओरडले. पुढचे दिवस दोघं एका घरात न बोलता राहिले आणि तो ठरल्यापेक्षा लवकर निघून गेला. नवीन वर्षाच्या मिस्सेला काका आले नाहीत.

शनिवारी मी नेहमीसारखा वस्तरा, साबण घेऊन गेलो. काकांनी दाराची जाळी उघडली नाही. आतूनच विचारलं, "काठीचं त्याला तू सांगिटलंस?"

"व्हय."

"का?"

"त्याला कळायला पाहिजे होतं, काका."

"त्याला सगळं ठावं हाय. मला बी ठावं हाय. आमी दोगं मिळून ते झाकत हुतो. तू मधी कशाला आलास?"

 ते काठीवर भार टाकून उभेच होते. मग म्हणाले, "तुज्या आईला बी अशीच एक बाई बोललीती. पाळीला यायची त्यातलीच. तुज्या आईम्होरंच म्हणाली, 'पोरगं कसलं म्हणायचं हे, आई पडलीया आन् ह्यो येत न्हाय.' तुज्या आईला तवा धड बोलाय येत न्हवतं. पर त्या दिवसापास्नं त्या बाईनं ताट आणलं की जो हात चालत हुता त्या हातानं ढकलून द्यायची. त्या बाईची पाळी असली की तुजी आई उपाशी. माजी बायकू अंधार पडला की चोरून पेज घिऊन जायाची. तिनंच सांगिटलंय मला. आता तूच सांग, माज्या पोराला बोलल्यालं मी कसं ऐकून घ्यायचं?"

मी विचारलं, "कोण बाई?"

"ती की. सणाला हॉलमधी भात वाढती ती."

आणि त्यांनी आतलं लाकडी दार लावून घेतलं.

त्या दिवशी मी रंकाळ्यावर जाऊन बसलो, घरी जाववेना. किती वेळा तू ताट ढकललंस हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. मी तिकडं जेवून, एसी लावून झोपत होतो, आणि इकडं मला कुणी वाईट म्हटलं म्हणून तू उपाशी राहत होतीस. बरं, त्या बाईंनी खोटं काय म्हटलं होतं? खरं होतं म्हणूनच तुला ते सहन झालं नसेल. इतकी वर्षं मी समजत होतो की तुला माझा राग आला असेल. तुझा राग मला झेलता आला असता, आई. हे मला झेलता येत नाही.

मी काकांच्या मुलाला फोन लावला. दोनदा त्यानं उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत."

"चुकीचं नव्हतं रे. पण ते बोलायचा अधिकार माझा नव्हता. मी स्वतःचं तुझ्यावर काढलं." मग मी त्याला तुझं सांगितलं, सगळं नाही, थोडं.

तो म्हणाला, "आता मी व्हिडिओ लावत नाही, काका. नुसता फोन करतो. व्हिडिओ लावला की पप्पा काय बोलतायत ते ऐकूच येत नाही, मी त्यांच्या मागं काठी शोधत बसतो."  बापाचा चेहरा बघायचं त्याचं सुख मी घालवलं होतं, आणि काकांचं, मुलाला झ्याक दिसायचं, सुख तर त्याहून मोठं होतं.

ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला. त्याच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, फादर काकांच्या घरी कपाळाला राख लावायला गेले होते. येताना निरोप घेऊन आले. "काका म्हणतात, त्याला सांगा दाढी वाढलीया." मी त्याच शनिवारी गेलो. दार उघडं होतं. गरम पाणी केलं, साबण फेसला. काका डोळे मिटून बसले होते. नाताळचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आताही मी जातो. ते माझ्याशी बोलतात, शिव्याही देतात, मिस्सेला माझ्या खांद्यावर हात ठेवून येतात. पण रविवारी मुलाच्या फोनची वेळ झाली की म्हणतात, "तू जरा भाईर बस." मी बाहेर पायरीवर बसतो. आतून त्यांचं "झ्याक हाय, झ्याक हाय" ऐकू येतं. त्याला बरं वाटावं म्हणून ते पूर्वीपेक्षा मोठ्यानं बोलतात, पण त्यात आता पहिल्यासारखी मजा राहिलेली नाही.

आता त्या बाईंचं. त्या अजून आहेत. सत्तरीच्या झाल्यात, गुडघे गेलेत, तरी प्रत्येक सणाला पदर खोचून पातेल्यापाशी उभ्या राहतात. काकांनी सांगितल्यापासून मी त्यांना टाळायचं ठरवलं होतं. ईस्टरला तर उपाशीच घरी आलो. तू ज्यांचं ताट ढकललंस त्यांच्या हातचं मी खाऊ नये, एवढं तरी तुझ्यासाठी करावं असं वाटलं होतं. पण मी त्यांच्याकडं बघतो तेव्हा मला दुसरंही दिसतं. बोलल्यानंतरही त्या पाळी चुकवत नव्हत्या. तू ताट ढकललंस तरी पुढच्या पाळीला ताट घेऊन येत होत्या. तुझी चादर धूत होत्या. मी तुझा मुलगा, मी एकदाही धुतली नाही.

काल टाळ्या झाल्यावर जेवणाच्या रांगेत मी त्यांच्यासमोर आलो. त्यांनी माझं ताट बघितलं, डाव भरून भात घातला, वर कालवण घातलं आणि म्हणाल्या, "वर्सभर राबलास की रं. तुज्या आईनं बघाय पायजे हुतं." त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या बहुतेक विसरूनही गेल्या असतील. मला त्यांना सांगावंसं वाटलं, की तुम्ही तेव्हा बोललात ते बरोबर होतं. पण मागच्या माणसाला जागा करून देत बाजूला झालो.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीये, म्हणून तुला एवढं सांगून टाकतो. तुझं मन राखून ताट तसंच ठेवावं असं मी खरंच मनाशी म्हटलं होतं. मग एक घास खाल्ला. चव तुझ्या हॉस्टेलच्या कालवणाची होती. मी सगळं संपवलं आणि उठून परत त्यांच्यापुढं ताट धरलं.